बाल्कनी असून जेवण आतच का?

मुंबईत नव्या घराची चावी हातात पडली की एक बेत हमखास ठरतो: बाल्कनीत टेबल टाकायचं आणि रात्री सगळ्यांनी तिथे जेवायचं. पुष्कळ घरांत वर्षभरात तिथे वॉशिंग मशीन येतं. याला रहिवाशांचा आळस म्हणणं सोपं आहे. शहर कसं बांधलं गेलं ते पाहिलं तर मात्र वेगळंच दिसतं. बाहेर बसायची जागा सगळ्यांची होती तोवर ती भरपूर वापरली गेली. ज्याची त्याची झाली, तशी ती घराच्या आत ओढली गेली.

गिरगावात खोताच्या वाडीत जुनी घरं अजून पाहायला मिळतात. पुढे ओटा, वर लाकडी व्हरांडा. कोळीवाड्यात तर अंगणाशिवाय चालतच नाही. एरवी मासळी वाळते, हळदीच्या रात्री तिथेच पंगत बसते.

१८९६च्या प्लेगनंतर हवा-उजेड हा सरकारच्या काळजीचा विषय झाला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढले गेले, चाळी बांधल्या गेल्या. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या मधून जाणारा अंधारा पॅसेज. चाळ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी बाहेरची गॅलरी इथे नव्हतीच, ती गिरगाव-गिरणगावातल्या खासगी चाळींची. बीडीडीवाल्यांना मोकळं बसायचं तर खाली, दोन इमारतींमधल्या पटांगणात.

गॅलरीत जेमतेम एक चटई मावायची, तीही येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवून. खरा ऐसपैसपणा गच्चीत. चैत्र-वैशाखात सकाळी तिथे जुन्या साड्या अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून कुरडया-पापड घातले जायचे. राखणीला बसवलेली पोरं अर्धओल्या पापड्या खाऊन टाकायची आणि बोलणी कावळ्यांना बसायची. फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझेक ऊन परतवायचा, त्यामुळे दिवेलागणीनंतर खाली बसता यायचं. कोजागरीला मोठ्या पातेल्यात दूध आटायचं, सोबत भेळ. वर्गणी घराघरातून.

खासगी बाल्कनी मध्यमवर्गात रुळली ती १९३०च्या दशकापासून. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती (२०१८पासून जागतिक वारसा यादीत) सगळ्यांना ठाऊक असतात, पण तशाच गोलाईच्या बाल्कन्या शिवाजी पार्क आणि माटुंग्यातही आहेत.

तिचा घास घेतला तो एफएसआयच्या हिशोबाने, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल या मर्यादेने. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नव्हते, शिवाय शुल्क भरून ती बंदिस्त करायची सोय होती. मग काय, नकाशात बाल्कनी आणि प्रत्यक्षात मोठा हॉल! फ्लॉवर बेडचंही, म्हणजे खिडकीबाहेरच्या झाडांसाठीच्या जागेचंही, तेच झालं. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले: बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये मोजायचं आणि त्याबदली निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्क्यांपर्यंत 'फंजिबल', म्हणजे कशासाठीही वापरता येईल असा जादा एफएसआय. बाल्कनीचा फूट आणि खोलीचा फूट एकाच मापात आल्यावर बिल्डर बाल्कनी कशाला देईल? माझ्या मते मुंबईकरांच्या सवयींपेक्षा या दोन नियमांनी जास्त बाल्कन्या बुजवल्या.

पावसाचाही वाटा आहेच. जून ते सप्टेंबर वाछट थेट ताटात येते. राहिलेले आठ महिने कबुतरांचे; जाळी लावली नाही तर टेबल रोज पुसायचं.

नव्या टॉवरमध्ये आता 'डेक' नावाने बाल्कनी परत येते आहे, अर्थात दामदुप्पट भावाच्या घरात. जुन्या सोसायट्यांकडे गच्ची आहे, पण टाळ्यात. लेखी अर्ज केला तर कार्यक्रमापुरती गच्ची देण्याची तरतूद गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) आहे. कमिटी मात्र गळतीचं कारण पुढे करते. त्यात तथ्य आहे. मांडवासाठी एक खिळा ठोकला तरी वॉटरप्रूफिंगला भोक पडतं आणि पाणी उतरतं सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात. अर्जात 'फक्त चटया आणि घडीची टेबलं, मांडव नाही' असं लिहिलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो.