जल मूलक (चिनी लिपी)

चिनी लिपीतील २१४ पारंपरिक मूलकांपैकी (म्हणजे ज्या समान घटकांनुसार कोशात चिन्हांचे गट पाडतात त्यांपैकी) ८५वे मूलक. अर्थ ‘पाणी’, उच्चार ‘श्वेइ’. चिनी लिपीला वर्णमाला नाही; त्यामुळे कोशात शब्द लावायचे कशाच्या आधारे, हा तिथल्या कोशकारांपुढचा जुना प्रश्न. शू शन या कोशकाराने इ. स. १००च्या सुमारास चिन्हांतील समान घटक हेरून ५४० गट पाडले. १६१५च्या ‘झहुइ’ या कोशाने ते २१४ वर आणले आणि १७१६च्या कांगशी कोशाने तीच व्यवस्था रूढ केली. कांगशी कोशात जल मूलकाखाली १,५९५ चिन्हे आहेत. याहून मोठा गट फक्त गवताच्या मूलकाचा.

प्राचीन अस्थिलेखांत हे चिन्ह म्हणजे वाहत्या प्रवाहाची वळणदार रेघ आणि दोन्ही बाजूंना थेंब असे होते. आज ते स्वतंत्रपणे चार फटकाऱ्यांत (लेखणीच्या रेघांत) लिहितात. दुसऱ्या चिन्हाच्या डावीकडे बसताना मात्र त्याचे तीनच थेंब उरतात: दोन वरून खाली, तिसरा खालून वर उचललेला. या रूपाला चिनी लोक ‘सान त्येन श्वेइ’, म्हणजे तीन थेंबांचे पाणी, म्हणतात. थेंब दोनच असतील तर ते बर्फाचे मूलक.

मूलक अर्थाची दिशा दाखवते, उरलेला भाग बहुधा उच्चार सुचवतो. ‘महासागर’ या अर्थाच्या ‘यांग’ चिन्हात तीन थेंबांशेजारी मेंढी उभी आहे. सागराचा मेंढीशी काहीही संबंध नाही. मेंढीलाही ‘यांग’च म्हणतात, एवढेच. ही जोडणी एकदा कळली की लिपीची भीती निम्मी ओसरते. कोशात हे चिन्ह शोधताना आधी जल मूलक काढायचे, मग मेंढीचे सहा फटकारे मोजून सहा फटकाऱ्यांच्या उपगटात पाहायचे.

नदी, सरोवर, घाम, अश्रू, धुणे, तेल, वाळू हे सारे याच गटात येतात. ‘हान’ हे मुळात एका नदीचे नाव, म्हणून हान राजवंशाच्या आणि हान लोकांच्या नावातही पाणी आहे. ‘कायदा’ या अर्थाच्या ‘फा’ चिन्हातही तीन थेंब आहेत; शू शनच्या मते कायदा पाण्याच्या पातळीसारखा समतल असतो, म्हणून. उलट मद्याच्या ‘च्यू’ या चिन्हात थेंब स्पष्ट दिसत असूनही कांगशी कोश ते मद्यपात्राच्या मूलकाखाली ठेवतो. नवख्या वाचकाला ते जलगटात सापडत नाही.