दगडफुलाचं नाव फोटोवरून कळत नाही

पावसाळा सरत आला की महाबळेश्वरच्या अंजनाच्या आणि जांभळीच्या खोडांवर राखाडी-हिरव्या चकत्या ठळक दिसू लागतात. हल्ली त्यांचा फोटो काढून लगेच मोबाइलच्या ॲपला नाव विचारलं जातं आणि ॲपही बेधडक एक लॅटिन नाव सांगून मोकळं होतं. पक्षी-फुलपाखरांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चालतं. शैवाकांच्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट दगडफूल म्हणतो त्यांच्या बाबतीत मात्र अशा नावावर विसंबू नये. अनेक जातींची नेमकी खूण वरच्या सालीखाली दडलेली असते आणि ती रासायनिक असते. कॅमेऱ्याला ती दिसणारच कशी?

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार, हे शाळेत आपण शिकलेलो असतो. काही जातींत शैवलाऐवजी नीलहरित जिवाणू असतात. अन्न शैवल तयार करतं, घर बुरशी बांधते आणि जातीचं नाव बुरशीवरून ठरतं. झाड त्यांना फक्त बसायला जागा देतं. बांडगुळासारखी ती झाडाचा रस शोषत नाहीत, त्यामुळे रोग समजून खोडं खरवडण्याचं काहीच कारण नाही.

ओळखीची सुरुवात आकारापासून होते. खडकाला रंगासारखी चिकटलेली, नखाने न निघणारी ती कवचरूप. कडा सुट्या असलेली ती पर्णरूप. दाढीसारखी लोंबणारी किंवा झुडपासारखी उभी ती क्षुपरूप. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. पर्णरूप शैवाकाच्या पृष्ठभागावर बारीक दांडुक्यांसारखे उंचवटे दिसतात की पिठासारखी भुकटी, हे त्यातून पाहायचं. दांडुके म्हणजे आयसिडिया आणि भुकटी म्हणजे सोरेडिया. दोन्ही प्रजननाचे मार्ग. पार्मोट्रेमा टिंक्टोरम या पर्णरूप जातीवर दांडुके असतात, तर पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम आणि पार्मोट्रेमा पर्लेटम यांच्यावर भुकटी. या शेवटच्या दोघांत भिंगही फसू शकतं आणि मग रसायनांकडे वळावं लागतं.

मला या विषयात सगळ्यात जास्त भुरळ घातली ती याच टप्प्याने. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या विल्यम नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दोन द्रावणं वापरात आणली. एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, दुसरं विरंजक चुन्याचं. दुसऱ्याच्या जागी आज कपड्यांसाठीचं ब्लीच चालतं. पुढे १९३०च्या दशकात जपानच्या यासुहिको असाहिनांनी पॅराफिनिलिनडायअमाइनची भर घातली. काळ्या केशरंगांत असतो तोच हा पदार्थ. तो विषारी आहे, तेव्हा हौशी माणसाने पहिल्या दोनांवरच थांबावं.

ब्लेडच्या टोकाने वरची साल हलकेच खरवडायची. खाली कापसासारखा पांढरा गर दिसतो. त्यावर बारीक काचनळीने द्रावणाचा थेंब ठेवायचा आणि भिंगातून पाहत राहायचं. रेटिक्युलेटमच्या गरावर हायड्रॉक्साइडचा थेंब आधी पिवळा होतो आणि बघता बघता गडद लाल. तो सॅलॅझिनिक आम्लाचा रंग. पर्लेटममध्ये स्टिक्टिक आम्ल असतं, तिथे पिवळा नारिंगीवर थांबतो. टिंक्टोरमला हायड्रॉक्साइडचं काहीच वाटत नाही, पण ब्लीच लागताच त्याचा गर क्षणात रक्तासारखा लाल होतो.

असं का होतं? टिंक्टोरममधल्या लेकॅनोरिक आम्लाच्या रेणूत ऑर्सेलिनिक आम्लाचे दोन तुकडे एस्टर बंधाने जोडलेले असतात. त्यांतल्या एका तुकड्यातल्या कार्बन अणूंच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) एक जागा सोडून मोकळे असतात. नेमक्या अशा रचनेवर ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटची क्रिया होऊन लाल संयुग तयार होतं. काही जातींत यातला एक गट बंधात अडकलेला असतो. तिथे आधी हायड्रॉक्साइड टाकून तो बंध तोडला आणि मग ब्लीच टाकलं, तरच लाली येते. म्हणजे रंग आला की नाही एवढ्यावरून रेणूचा कोणता कोपरा मोकळा आहे ते कळतं, तेही रानात बसून! ही आम्लं बुरशीच्या तंतूंवर बाहेरून स्फटिकांच्या रूपात साठतात आणि फार टिकाऊ असतात. म्हणून संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवरही ही चाचणी करता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतल्या शैवाकांचा असा मोठा संग्रह आहे.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसाच हा मामला. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून ‘रक्त’ काढून दाखवणारे आणि त्यावर करणी उतरवण्याचे पैसे घेणारे भोंदू अजून गावोगाव आहेत. ज्या मुलाने शैवाकाचा गर लाल होताना एकदा पाहिला आहे, त्याला ते सहजी फसवू शकणार नाहीत.

दुसरा एक गैरसमज ट्रेकर मंडळींत आहे: दगडफूल दिसलं म्हणजे हवा शुद्ध. हे निम्मंच खरं आहे. दाढीसारखी लोंबणारी अस्निया प्रदूषण सहन करत नाही, पण पिक्सिने कोकोएससारखी जात शहरातल्या रस्त्याकडेच्या आंब्यावरही वाढते. अतिनील टॉर्चखाली तिचा पृष्ठभाग पिवळा चमकतो. ही चमक लिचेक्सँथोन या रसायनाची. तेव्हा हवेबद्दल बोलण्याआधी जात कोणती ते ठरवावं लागतं.

जंगलातून नमुने तोडू नका. वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवर भरपूर मिळतं. तेही जमत नसेल तर किराणा दुकानातलं दगडफूल आणा. पुस्तकांत त्याचं नाव पर्लेटम दिलेलं असलं तरी बाजारात बहुधा अनेक जातींची सरमिसळ असते. हातमोजे घालून पाच-सहा तुकडे खरवडा, प्रत्येकावर ब्लीचचा एकेक थेंब ठेवा आणि कोणता लाल होतो ते पाहा. तपासलेले तुकडे मात्र मसाल्यात परत टाकू नका.