प्रौढांची प्रतिबंधक दंतनिगा

प्रौढ व्यक्तीचे दात किडू नयेत, हिरड्या रोगट होऊ नयेत आणि बिघाड झालाच तर तो दुखू लागण्याआधी लक्षात यावा, यासाठी घरी रोज घेतली जाणारी काळजी आणि दंतवैद्याकडून वेळोवेळी होणारी तपासणी यांना मिळून प्रतिबंधक दंतनिगा म्हणतात. रूट कॅनल, दात काढणे, कृत्रिम दात बसवणे हे उपचार तिच्या कक्षेबाहेरचे आहेत. भरलेला दात भरावाच्या कडेने पुन्हा किडू नये हे पाहणे मात्र तिच्यात येते, आणि प्रौढांच्या बाबतीत हा तिचा बराच मोठा भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ३.५ अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे; त्यांपैकी सुमारे २ अब्ज लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, तर हिरड्यांचा व दाताभोवतीच्या हाडाचा तीव्र रोग असलेल्यांची संख्या १ अब्जाच्या वर जाते. हे दोन्ही विकार बहुतांशी टाळता येतात.

अक्कलदाढा धरून माणसाला ३२ कायमचे दात येतात. दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे हाड जसे सांधते तसे ते सांधत नाही आणि एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही. एनॅमलच्या आत डेंटिन हा त्याहून मऊ थर आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. कीड एनॅमलपुरती असेपर्यंत दात दुखत नाही. ती डेंटिनमध्ये खोल उतरल्यावर ठणका सुरू होतो, आणि तोपर्यंत प्रतिबंधाची वेळ बहुधा निघून गेलेली असते. ‘दुखत नाही, म्हणजे दात चांगले आहेत’ हा समज त्यामुळेच सर्वांत महागात पडतो.

कीड कशी लागते : तोंडातील जीवाणू साखरेचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हा सिद्धान्त विलोबी मिलर या दंतवैद्याने १८९० साली मांडला. या कामात पुढे असणाऱ्या जीवाणूंपैकी ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा १९२४ साली वर्णिला गेला. दातावर साचणाऱ्या जीवाणूंच्या चिकट, जवळजवळ रंगहीन थराला प्लाक म्हणतात. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच या थरातील पीएच (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितके आम्ल अधिक) घसरतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. पुढच्या साधारण अर्ध्या ते एक तासात लाळ आम्लाचा जोर मोडते आणि खनिजे पुन्हा दातात परततात. ही देवघेव दिवसभर चाललेली असते. बाहेर पडणारे खनिज परतणाऱ्या खनिजापेक्षा सतत अधिक राहिले, तरच दात किडतो.

दिवसाकाठी किती साखर खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व येते ते या कारणाने. जेवणाबरोबर खाल्लेला गोड पदार्थ एकदाच पीएच खाली आणतो. तेवढेच गोड पेय दुपारभर घोट-घोट घेतले तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत हे ठसठशीतपणे दिसले : जेवणाच्या मधल्या वेळांत दाताला चिकटून राहणारी टॉफी खाणाऱ्यांमध्ये कीड झपाट्याने वाढली, जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांमध्ये ती वाढ फारच कमी होती. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णांचे दात जाणूनबुजून किडू दिले गेले, म्हणून हा अभ्यास वैद्यकीय नीतीच्या चर्चेत आजही निषेधाने आठवला जातो. त्याचा निष्कर्ष मात्र टिकून आहे.

किडीची पहिली खूण म्हणजे काळा खड्डा नव्हे, तर खडूसारखा पांढरा डाग. दंतवैद्य तपासताना दातावर हवेचा झोत सोडतो, त्यामागे हेच कारण असते. खनिज गेल्याने एनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रे पडलेली असतात. ती लाळेने भरलेली असताना डाग दिसत नाही, पण दात कोरडा केला की छिद्रांत हवा शिरते आणि तेवढा भाग निस्तेज पांढरा दिसू लागतो. ओल्या दातावरही डाग दिसत असेल तर खनिज अधिक खोलवर गेले आहे असे समजतात. पृष्ठभाग अभंग असेपर्यंत हा डाग थांबवता येतो, काही वेळा मागेही परतवता येतो, आणि त्यासाठी ड्रिलची गरज नसते.

फ्लोराइड : खनिज परतण्याच्या क्रियेला फ्लोराइड मदत करते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ साली सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास जगात प्रथम सुरुवात केली. त्यावेळी फ्लोराइड पोटात जाऊन काम करते असे मानले जाई. आज त्याचा मुख्य परिणाम दाताच्या पृष्ठभागावरच होतो असे मानतात, आणि म्हणून पेस्ट हे प्रौढांसाठी त्याचे सर्वांत सोयीचे वाहन ठरते. पेस्टमध्ये दर दशलक्ष भागांत १,००० ते १,५०० भाग फ्लोराइड असावे. कीड वारंवार लागणाऱ्यांना दंतवैद्य ५,००० भागांची पेस्ट किंवा दवाखान्यात लावायचा फ्लोराइड वार्निश सुचवतात. फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चूळ भरू नये. भरपूर पाण्याने चूळ भरली की दातावर राहायला हवे असलेले फ्लोराइड वाहून जाते. ही साधी गोष्ट फारच थोडे लोक पाळतात.

हिरड्या : चाळिशीनंतर दात जाण्यामागे किडीइतकाच हिरड्यांचा रोग असतो. प्लाकमुळेच हिरडीला सूज येते, हे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये दाखवून दिले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावरचा दाह उलटवता येतो. घासताना हिरडीतून रक्त आले की बहुतेक लोक ती जागा सोडून घासू लागतात. करायला हवे ते नेमके उलटे, कारण रक्त येते ते बहुधा तिथला प्लाक तसाच राहिल्यामुळे. दोन आठवडे नीट स्वच्छता करूनही रक्त थांबले नाही, तर तपासून घ्यावे.

प्लाक काढला नाही तर काही दिवसांतच त्यात लाळेतील क्षार बसून त्याचे किटण होते. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, ते अधिक जमते. किटण ब्रशने निघत नाही; त्यासाठी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून ते उपकरणाने खरवडून काढणे, करावे लागते. स्केलिंगने दात हलू लागतात ही समजूत चुकीची आहे. हलणारे दात आधीच सैल झालेले असतात आणि केवळ किटणाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. किटण निघाल्यावर ते उघड होते एवढेच. दाह खोल गेला की हिरडी दातापासून सुटते व मध्ये कप्पा तयार होतो. दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने हलकेच सरकवून या कप्प्याची खोली मोजतात : ३ मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य, ४ किंवा त्याहून अधिक असेल तर लक्ष द्यावे लागते. हाड एकदा झिजले की ते आपोआप परत येत नाही. तंबाखू हा या रोगाचा सर्वांत मोठा टाळता येणारा धोका आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग वाढत असतानाही हिरड्या वरकरणी ठीक दिसतात.

रोजची स्वच्छता : दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, मऊ केसांच्या ब्रशने दात घासावेत, यांपैकी एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी, कारण झोपेत लाळ अत्यल्प स्रवते. अमेरिकन वैद्य चार्ल्स बॅस यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्वत्र शिकवली जाते. तीत ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ४५ अंशांनी टेकवून, जागा न सोडता बारीक कंप दिल्यासारखे मागे-पुढे हलवायचे असतात. जोर लावून आडवे घासल्याने प्लाक अधिक निघत नाही; हिरडी मात्र खाली सरकते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. विजेचा ब्रश प्लाक थोडा अधिक काढतो, विशेषतः हाताची पकड कमजोर झालेल्यांना तो उपयोगी पडतो, पण ज्याचे हाताने घासणे नीट चालले आहे त्याने बदलायलाच हवे असे नाही. दोन दातांमधली जागा कोणत्याच ब्रशने पुरती साफ होत नाही. फटी मोकळ्या असतील तर तिथे दातांमधला छोटा ब्रश आणि दात घट्ट असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, वापरावा. क्लोरहेक्झिडीनचे माउथवॉश जीवाणूंवर प्रभावी असले तरी त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बदलते. ते दंतवैद्याने सांगितलेल्या थोड्या दिवसांपुरतेच वापरायचे असते.

तपासणी किती दिवसांनी : ‘दर सहा महिन्यांनी’ हा नियम सर्वतोमुखी आहे, पण सर्वांना तो सारखाच लागू करण्यास पुरावा तोकडा आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००४ साली प्रौढांसाठी ३ महिने ते २ वर्षे एवढा ऐसपैस पल्ला दिला आणि नेमके अंतर व्यक्तीच्या धोक्यावरून ठरवावे असे सुचवले. हिरड्यांचा तीव्र रोग नसलेल्या आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक काळाने स्केलिंग केल्याने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या आरोग्यात फारसा फरक पडत नाही, असे २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात) दिसले. याचा अर्थ दवाखान्यात जाऊ नये असा नाही. तपासणीत दोन दातांमधली लपलेली कीड क्ष-किरण चित्रात दिसते, गालाच्या व जिभेच्या आतील कर्करोगपूर्व चट्टे लक्षात येतात, आणि आपण घासताना कोणती जागा नेहमी सोडतो तेही कळते. घरची स्वच्छता कच्ची असताना केवळ स्केलिंगवर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे.

वयानुरूप बदलणारे धोके : मधुमेह नियंत्रणात नसला की हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांतील दाह रक्तशर्करा आटोक्यात आणणे अवघड करतो. गर्भारपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. सतत पित्त उलटून तोंडात येणाऱ्यांचे व आंबट पेये वारंवार पिणाऱ्यांचे एनॅमल किडीशिवायही झिजते. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, नुसत्या पाण्याने चूळ भरावी. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ आटली की जुन्या सवयी तशाच ठेवूनही अचानक कीड लागू लागते, आणि रुग्णाला तिचे कारण उमगत नाही. अशांनी औषध स्वतः बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. साखरविरहित च्युइंगम चघळल्याने लाळ काही प्रमाणात वाढते. हिरड्या खाली सरकलेल्या वयस्कांत दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर एनॅमल नसते आणि एनॅमल तग धरते एवढ्या पीएचलाही ती विरघळू लागतात, म्हणून मुळांची कीड हा उतारवयातील स्वतंत्र प्रश्न आहे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी बिसफॉस्फोनेट गटातील औषधे सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत आणि काढावे लागणारे दात आधीच काढून टाकावेत. ही औषधे चालू असताना दात काढल्यास काही रुग्णांत जबड्याचे हाड भरून येत नाही.