४८,००० म्हणजे नक्की किती?

घरी स्टुडिओ थाटणाऱ्यांचा एक ठाम समज असतो. चार माइकचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज आकड्यांत मोजून संगणकाला देणारी पेटी, आहे, तसलाच आणखी एक आणला की झाले आठ माइक. विंडोजवर हा बेत पहिल्याच दिवशी अडतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या पेटीचा ड्रायव्हर (पेटी आणि संगणक यांची गाठ घालणारा प्रोग्राम) निवडला की पहिला सुटतो. मग सगळा राग विंडोजवर निघतो.

तो थोडाफार रास्तही आहे. स्टाइनबर्ग कंपनीची १९९७ सालची आसिओ ही ड्रायव्हरपद्धत अजून विंडोजवरच्या संगीतकामाचा कणा आहे, आणि ती वापरणारं सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच ड्रायव्हर उघडतं. ‘आसिओ-फोर-ऑल’सारखा फुकट ड्रायव्हर दोन इंटरफेस एका नावाखाली आणू शकतो. एवढं जमलं की लोकांना वाटतं, सुटलो. पण खरा घोळ विंडोजमध्ये नाहीच. तो दोन्ही पेट्यांच्या आत बसवलेल्या क्वार्ट्झ या स्फटिकाच्या चकत्यांमध्ये आहे.

“अहो, दोन्हीकडे ४८,०००च निवडलंय!” हे उत्तर ठरलेलं. म्हणजे दोन्ही इंटरफेस येणारा आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात. कबूल. पण सेकंद कोणाचा?

क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही घडायला हवं, म्हणजे विद्युतदाब दिला की स्फटिकाचा आकार किंचित बदलायला हवा, हे पुढच्या वर्षी गॅब्रिएल लिपमान यांनी गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी ते पडताळून पाहिलं. या दोन परिणामांची सांगड घातली की क्वार्ट्झची चकती स्वतःच्या ठरलेल्या गतीने थरथरत राहते. मनगटी घड्याळात चकतीऐवजी क्वार्ट्झचा चिमट्यासारखा दुहाती तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ऑडिओ इंटरफेसमध्ये बऱ्याचदा २४.५७६ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. त्या आकड्याला ५१२ने भागलं की बरोबर ४८,००० येतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एवढ्या वेगाने थरथरणाऱ्या चकतीची गती तिच्या जाडीवर ठरते: चकती जितकी पातळ, तितकी गती जास्त. २४.५७६ मेगाहर्ट्झसाठी ही जाडी सुमारे ०.०७ मिलिमीटर भरते, साधारण केसाएवढी. स्वस्त स्फटिकाच्या गतीत दहा लाखांत ५०चा फरक चालवून घेतात. तेवढा फरक पडायला जाडी कितीने चुकावी लागेल? साडेतीन नॅनोमीटरने. क्वार्ट्झमध्ये अणूंची जी रचना पुन्हा पुन्हा येते, तिचे जेमतेम सात थर! कारखान्यात चकतीवर धातूचा लेप कमीजास्त करून गती जुळवतात, पण ती हुबेहूब जुळत नाही. शिवाय पेटी तापली की गती पुन्हा सरकते. दोन स्फटिक तंतोतंत एका गतीने चालणं म्हणजे निव्वळ योगायोग, तोही काही क्षणांचा.

दहा लाखांत ५० म्हणजे दिवसाला सव्वाचार सेकंद. घड्याळात ते खपून जातं. रेकॉर्डिंगमध्ये काय होतं ते पाहा. एकाच तबल्याला दोन माइक लावले, एक या पेटीत, एक त्या पेटीत. वीस सेकंदांत दोन्ही आवाजांत एक मिलिसेकंदाचं अंतर पडतं. ते एकत्र केले की ५०० हर्ट्झचा भाग एकमेकांना खोडतो, मग १,५०० चा, मग २,५०० चा. तबला पोकळ वाजायला लागतो, आणि पोकळपणा दर मिनिटाला बदलतो. दहा मिनिटांनी अंतर ३० मिलिसेकंदांवर जातं आणि एक थाप दोनदा ऐकू येते.

यूएसबीच्या बाजूने पाहिलं तर गंमत आणखी वाढते. जलद यूएसबीवर संगणक दर १२५ मायक्रोसेकंदांनी हजेरी घेतो. दर हजेरीला इंटरफेसने सहा मोजमापं द्यावीत असा हिशेब. पण इंटरफेस स्वतःच्या स्फटिकाने चालत असेल तर तो मधूनच पाच किंवा सात देतो. एकच पेटी असेल तर संगणक निमूटपणे तिच्या तालावर चालतो. दोन असल्या की एकीची मोजमापं सेकंदाला २.४ने जास्त भरतात. २५६ मोजमापांचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, असेल तर पावणेदोन मिनिटांत अख्ख्या बफरएवढी तफावत साचते, काहीतरी टाकून द्यावं लागतं आणि ‘टक्’ असा आवाज येतो. लोक तो केबलचा दोष समजतात.

त्यावर कोणी सोन्याचा मुलामा दिलेली यूएसबी केबल विकतं, तर कोणी रुबिडियमचं अणुघड्याळ. पेट्या एकमेकींशी जुळणं हा इथला प्रश्न आहे. एकट्या पेटीला अणुघड्याळ जोडून आवाजात गोडवा उतरतो, हे ग्रहांच्या खड्यांइतकंच खरं.

कीबोर्डसारखी वाद्यं संगणकाला जोडणाऱ्या मिडी पद्धतीला मात्र हे दुखणं नाही. मिडीवरून आवाज जातच नाही; अमुक पट्टी दाबली, अमुक जोराने दाबली, एवढाच निरोप जातो. सेकंदाला ३१,२५० बिट्सच्या जुन्या तारेवरून तीन बाइट्सचा निरोप जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि तो कधी आला हे संगणक स्वतःच्याच घड्याळावर टिपतो. म्हणून मिडी इंटरफेस तीन-चार लावले तरी बिघडत नाही. फक्त विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांवर अनेक मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला आत घेतात, तेवढं लक्षात ठेवायचं.

ऑडिओसाठी दोन मार्ग आहेत. एक, दुसऱ्या पेटीची मोजमापं गणिताने ताणायची किंवा आवळायची. मॅकमध्ये ही सोय मुळातच आहे. दोन, स्फटिक एकच ठेवायचा. ‘आसिओ-फोर-ऑल’ वापरलंत तरी ही जबाबदारी तुमचीच राहते. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी वर्ड क्लॉकची, म्हणजे सगळ्या पेट्यांना एकच ताल पोचवणारी, वेगळी केबल असते. घरी एडॅटची, म्हणजे अनेक माइकचा आवाज आणि ताल प्रकाशाने एकत्र नेणारी, ऑप्टिकल केबल पुरते: दुसऱ्या पेटीचा एडॅट आउट पहिलीच्या एडॅट इनला जोडायचा, दुसरीचं क्लॉक ‘इंटरनल’ ठेवायचं आणि पहिलीचं ‘एडॅट’ करायचं. मग दुसरीचा आवाज पहिलीतूनच येतो, तिला यूएसबी लावावीच लागत नाही आणि विंडोजला एकच इंटरफेस दिसतो. ४८,०००ला या केबलमधून आठ माइक येतात, ९६,०००ला चारच.