सकाळची टक्केवारी

मतदानाच्या दिवशी पहिल्या दोन-चार तासांत किती मतदारांनी मत दिले त्याचे एकूण मतदारांशी असलेले प्रमाण, आणि त्यावरून निकालाचा अंदाज बांधण्याची रीत. २०२४च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मतदानाची वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६ होती. ९, ११, १, ३ आणि ५ वाजेपर्यंतचे आकडे दिवसभर जाहीर होत राहिले. मराठवाड्यात यातल्या पहिल्या दोन आकड्यांवर सर्वाधिक खल होतो. पारावर, बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर आणि उमेदवाराच्या घरी प्रश्न एकच असतो: हा टक्का कुणाच्या पथ्यावर? उत्तरे मात्र छातीठोक दिली जातात, आणि त्यांतली बरीच संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत.

हा आकडा तयार कसा होतो हे पाहिले की त्याची ताकद किती, मर्यादा किती, हे समजते. गावातले केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. नऊ वाजता केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचे ‘टोटल’ बटण दाबतात. यंत्रावर एकच संख्या उमटते, समजा ११२. ती फक्त पडलेल्या मतांची असते, कोणाला किती हे यंत्र त्या वेळी सांगत नाही. पुरुष किती आणि स्त्रिया किती हे शेजारच्या नोंदवहीवरून मोजतात. २०२४च्या निवडणुकांत दोन्ही गोष्टी सेक्टर ऑफिसरला, म्हणजे काही केंद्रांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवत. तिथून आकडे तहसीलमध्ये आणि पुढे जिल्ह्याला जात. एखाद्या केंद्राचा फोन लागला नाही किंवा केंद्राध्यक्ष रांग आवरण्यात गुंतले, तर त्या केंद्राचा आकडा पुढच्या फेरीत जाई. म्हणजे नऊचा आकडा हा घाईत गोळा केलेला अंदाज आहे, हिशेब नव्हे.

दुसरी अडचण यंत्राच्या वेगाची आहे, आणि तिचा विचार फार कमी लोक करतात. मतदाराची ओळख पटवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, बोटाला शाई लावायची, मग बटण. मत कुणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद काचेआड दिसते. एका मतदाराला साधारण मिनिटभर धरले, तर दोन तासांत १२० मते होतात. १,४०० मतदारांच्या केंद्रावर याचा अर्थ साडेआठ टक्के. त्या केंद्रावर रांग फाटकाबाहेर गेलेली असली तरी नऊचा आकडा त्याच्या फार वर जाऊ शकत नाही. ४५० मतदारांच्या तांड्यावर तेवढीच १२० मते पडली तर तिथे टक्केवारी सव्वीसच्या पुढे दिसते. मग बातमी होते की तांड्यावर उत्साह आणि शहरात शुकशुकाट. प्रत्यक्षात दोन्हीकडे यंत्र सारखेच चालत होते. एका केंद्राला कमाल १,५०० मतदार ही मर्यादा निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये १,२०० वर आणली. केंद्रे लहान झाली की सकाळची टक्केवारी आपोआप थोडी फुगेल, आणि जुन्या निवडणुकीशी तुलना करणाऱ्याने हे आधी वजा करायला हवे.

मराठवाड्याचे स्वतःचे घड्याळही आहे. २०२४च्या लोकसभेला या भागात तीन टप्प्यांत मतदान झाले: हिंगोली, नांदेड, परभणी २६ एप्रिलला, लातूर आणि उस्मानाबाद ७ मे रोजी, जालना, औरंगाबाद आणि बीड १३ मे रोजी. त्या दिवसांत दुपारचे ऊन असे असते की शहाणा माणूस एक तर अकराच्या आत मत देऊन येतो, नाही तर चारनंतर निघतो. त्यामुळे उन्हाळ्यातला सकाळचा भरणा हा बऱ्याच अंशी उन्हाचा परिणाम असतो. नोव्हेंबरात, म्हणजे विधानसभेला, चित्र उलटते. कापसाची वेचणी चालू असते, मजुरी किलोवर ठरते, अर्धा दिवस मोडला तर तेवढा कापूस आणि तेवढे पैसे गेले. कायद्याने भरपगारी सुट्टी असते, पण वेचणीला जाणाऱ्या बाईला ती सुट्टी देणार कोण? ती रामपारी केंद्रावर येते किंवा शेतातून परतल्यावर येते. सकाळी स्त्रियांची रांग लहान दिसली म्हणून त्या नाराज आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्याने त्यांचा दिवस कधी पाहिलेला नसतो.

ऊसतोडीचा प्रश्न याहून मोठा. २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला आणि विधानसभेचे मतदान २० तारखेला. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यांतून हजारो ‘कोयते’, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्यांना मतासाठी परतायचे असते ते मुकादमाच्या किंवा कुणाच्या तरी गाडीने रात्रभर प्रवास करून येतात, आणि दुपारपर्यंत पोचतात. पुण्याच्या चाकण-रांजणगावात कामाला असलेली लातूर-नांदेडची पोरेही ट्रॅव्हल्समधून उतरून आधी घरी जातात, मग केंद्रावर. या माणसांचे मत सकाळच्या टक्केवारीत नसतेच. ज्या मतदारसंघात स्थलांतर मोठे, तिथे सकाळचा आकडा गावात राहिलेल्यांचा असतो: म्हातारी माणसे, दुकानदार, नोकरदार, शेतमालक.

मग या आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो केंद्राच्या पातळीवर आहे, आणि तो भाकिताचा नसून कामाचा आहे. आत बसलेल्या पोलिंग एजंटापुढे, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीपुढे, मतदार यादी असते. नाव पुकारले की तो पट्टीने रेघ मारतो. यादी घराच्या क्रमाने असल्यामुळे अकरापर्यंत पानांवर गावाचा नकाशाच उमटतो. एका पानावर वरपासून खालपर्यंत रेघा, म्हणजे ती भावकी एकगठ्ठा येऊन गेली. पुढची दोन पाने कोरी, म्हणजे मळ्यातली वस्ती अजून हललेली नाही. केंद्रापासून १०० मीटर (२०२५ पूर्वी २०० मीटर) पलीकडे मांडलेल्या पक्षाच्या टेबलावर निरोप पोचतो, ‘तांड्यावरचे साठ राहिलेत, गाडी धाडा.’ कोणती भावकी कुणाची, कोण फुटले, कोण रुसले, हे त्याला वर्षानुवर्षांच्या ओळखीतून ठाऊक असते. म्हणून अनुभवी एजंटाचा आपल्या गावापुरता अंदाज बऱ्याचदा जवळ जातो. तोच माणूस जिल्ह्याच्या आकड्यावर बोलू लागला की त्याचे ज्ञान संपलेले असते, कारण जिल्ह्याच्या आकड्यात भावकी दिसत नाही.

जिल्ह्याचा किंवा राज्याचा आकडा किती फसवा ठरतो याचे दाखले ताजे आहेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी नऊपर्यंत राज्यात ६.६१ टक्के मतदान नोंदले गेले. अकराला ते १८.१४ झाले, एकला ३२.१८, तीनला ४५.५३ आणि पाचला ५८.२२. अंतिम आकडा निघाला ६६.०५, म्हणजे १९९५ नंतरचा विधानसभेचा उच्चांक. नऊच्या आकड्यावरून उदासीनतेचे निदान करणारा साफ चुकला असता. आता उच्चांकाचा अर्थ तरी एक आहे का? १९९५ मध्ये ७१.६९ टक्के मतदान झाले आणि सत्तांतर घडले. २०२४ मध्ये टक्का चढला आणि सत्तेतली महायुती आणखी मोठी होऊन परतली. मराठवाड्यातल्या ४६ पैकी ४० जागा तिला मिळाल्या. सहाच महिने आधी याच भागातल्या ८ लोकसभा जागांपैकी तिच्या हाती फक्त औरंगाबाद लागले होते. ‘टक्का वाढला म्हणजे सरकार गेले’ हा सिद्धांत मराठवाड्याने मोडीत काढलेला आहे.

सर्वांत बोलका दाखला नांदेडचा, आणि तो या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावा. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे तिथे विधानसभेसोबत त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. तोच मतदार, तीच रांग, तीच सकाळची टक्केवारी. फक्त यंत्रे दोन. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. त्याच लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा मात्र महायुतीने जिंकल्या. एकाच रांगेने दोन विरुद्ध उत्तरे दिली. त्या रांगेच्या लांबीकडे बघून निकाल सांगायला बसलेल्या माणसाने कोणता निकाल सांगितला असता?

बीडमध्ये २०२४च्या लोकसभेला सुमारे ७१ टक्के मतदान झाले आणि बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. मतदारसंघात दोन हजारांहून अधिक केंद्रे. फरक केंद्रामागे जेमतेम तीन मतांचा. आरक्षण आंदोलनानंतरच्या त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचे मतदार इरेला पेटले होते, सकाळपासून दोन्हीकडून रांगा होत्या. चुरस अशी असते तेव्हा भरघोस मतदान चुरसच सांगते, विजेता सांगत नाही. औरंगाबादेत २०१९ मध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. तिथे निर्णायक ठरली ती मतांची विभागणी: अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८३ हजारांवर मते घेतली. मते कशी फुटतील हे कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही.

परदेशात हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. अमेरिकेत मतदानाच्या दिवसाआधीच केंद्रावर किंवा टपालाने मत देता येते. २०२० मध्ये १० कोटींहून अधिक लोकांनी तसे केले. काही राज्यांत मतदाराची पक्षनोंदणी जाहीर असल्याने कोणत्या पक्षाचे किती लोक आधी आले हे कळते, पण त्यांनी मत कुणाला दिले हे कळत नाही. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या रात्री ट्रम्प पुढे दिसत होते, टपाली मते मोजत गेल्यावर बायडेन पुढे गेले. लवकर येणारा आणि उशिरा येणारा मतदार एका स्वभावाचा नसतो, हे तिथेही दिसले. आपल्याकडे सर्वांसाठी आगाऊ मतदान नाही. टपाली मत सैनिकांना आणि निवडणूक कर्मचाऱ्यांना, तर घरून मतदानाची सोय २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना होती. मतमोजणीला आठ वाजता आधी ही टपाली मते उघडतात. पडद्यावर झळकणारे पहिले कल त्यांचेच असतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्यावर फटाके उडवणे तितकेच धोक्याचे.

सकाळच्या आकड्याचा गैरवापर खरा त्रासदायक आहे. ‘निकाल लागल्यातच जमा’ अशी आवई दुपारी उठवली की हरणाऱ्या बाजूचा म्हणून गणलेला मतदार घरीच बसतो. मतदान चालू असताना एक्झिट पोल जाहीर करण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६-अ ने बंदी आहे ती याच कारणासाठी. व्हॉट्सॲपवरची कुजबुज मात्र कलमाला जुमानत नाही. पाचचा आकडा आणि अंतिम आकडा यांतल्या अंतरावरून २०२४ मध्ये काँग्रेसने तक्रार केली होती. पाच ते सहा या वेळेतले आणि रांगेत उभ्या असलेल्यांचे मतदान त्यात मिळते, असे आयोगाचे उत्तर होते. ज्याला पक्का हिशेब हवा त्याच्यासाठी नमुना १७-क आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात पडलेली एकूण मते लिहितात आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटाला देतात.

सहा वाजता जे रांगेत असतात त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, आणि त्या वाटायला सुरुवात रांगेच्या शेपटापासून होते, म्हणजे मागाहून कुणी घुसत नाही. अंधार पडतो, शाळेच्या व्हरांड्यातला दिवा लागतो, पोरासोरांसह दुपारी गावात पोचलेली माणसे एकेक करून आत जातात. शेवटची चिठ्ठी परत आली की केंद्राध्यक्ष ‘क्लोज’ बटण दाबतात.