वळीव की मान्सून? आधी ढग कुठून आला ते बघा

मे महिन्यात एक सणसणीत सर कोसळली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘लागला रे पाऊस!’ हे पहिलं. ‘छे, हा अवकाळी,’ हे दुसरं. दोन्ही चुकीची. तो मान्सून नसतो, आणि अवकाळी तर मुळीच नसतो. वळवाची वेळच ती आहे. बिचारा वेळेवर येतो आणि शिव्या खाऊन जातो.

माझी काकी मे महिन्यात अंगणात चटईवर सोलं वाळत घालते. दुपारी तीनच्या सुमारास, कोकमाच्या रसाने लाल झालेले हात कमरेवर ठेवून, ती घाटाकडे एकदा बघून घेते. डोंगराच्या डोक्यावर पांढरा ढीग साचलाय आणि त्याचा माथा फुलकोबीसारखा फुगत वर चढतोय असं दिसलं, की चटई पडवीत. समुद्राकडे ढग असले तर ती ढुंकूनही बघत नाही. मी मोबाइलवरचा अंदाज वाचून दाखवतो, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.’ ती म्हणते, ‘त्या तुरळकात आपलं अंगण आहे का, तेवढं सांग.’

तेवढंच सांगता येत नाही, आणि ते का, हे त्या फुलकोबीतच दडलंय. मे महिन्यात जमीन तापते, समुद्रावरचा दमट वारा दुपारभर आत शिरतो आणि सह्याद्रीच्या चढाला लागून वर जातो. हवा वर गेली की पसरते आणि थंड होते. वाफ धरून ठेवणं तिला जमेनासं झालं की मिठाच्या, धुळीच्या बारीक कणांवर वाफेचे थेंब धरतात. हाच ढग. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उसळते. असा ढग तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंच होऊ शकतो. वरच्या भागात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून वीज साठते. मग वरच्या वाऱ्याने ढकलला की तो संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या डोक्यावर येतो. आधी गार वाऱ्याचा झोत, मग मातीचा वास, मग थाडथाड थेंब. एक ढग काही किलोमीटर रुंद, आयुष्य तास-दीड तासाचं. बसस्टँड भिजतो आणि बाजार कोरडा राहतो तो यामुळेच. सर गेल्यावर उकडतं ते वेगळंच.

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. हा शब्द पसाऱ्याचा आहे, जोराचा नव्हे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ वाचून लोक हसतात, पण त्यात विसंगती काहीच नाही: थोड्या गावांत पडेल, पण पडेल तिथे बदाबदा पडेल. जोराचं माप निराळं. सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो ‘जोरदार’. पणजीत आल्तिनोवर डॉप्लर रडार आहे. वाढलेला ढग त्यात दिसतो, म्हणून पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा बराच भरवशाचा. वळवासाठी मी सकाळचा अंदाज वाचतो आणि दुपारी हा इशारा बघतो.

मान्सूनची गोष्टच वेगळी. तो इथल्या उन्हाने तयार होत नाही. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आलेला नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला अडतो आणि सतत वर ढकलला जातो. त्याला दुपारची वाट बघावी लागत नाही, रात्री दोनलाही सुरू होतो. ढग पसरट, करडे, पुष्कळदा फारसे उंचही नसतात, म्हणून जुलैत धबाधबा पाऊस असूनही मे किंवा ऑक्टोबरएवढा गडगडाट नसतो. इथे अंदाजात ‘बहुतेक ठिकाणी’ येतं, आणि ते खरंही ठरतं.

दोन्ही ढगांचा तळसुद्धा सारखा नसतो. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. जमिनीजवळचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला ढगाचा तळ साधारण १२५ मीटर वर जातो. मेच्या दुपारी ३३ आणि २५ अंश असतील तर तळ हजार मीटरवर. जुलैत २७ आणि २५ असतील तर अवघ्या अडीचशे मीटरवर. पावसाळ्यात चोर्ला घाटात गाडीचे दिवे लावून आपण ज्याला धुकं म्हणतो, तो बहुतेक वेळा हा ढगच असतो.

मान्सून ‘आला’ हेही नुसत्या पावसावरून ठरत नाही. केरळात १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर पाऊस लागतो, शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा जोराने वाहायला हवेत. एका सरीवर ‘मान्सून दाखल’ छापणाऱ्यांनी निदान वारा तरी बघावा. त्यांची बातमी वाचून भात पेरलं आणि पुढे आठ दिवस ऊन पडलं, तर बियाणं शेतकऱ्याचं जातं.

२०२५ साली मात्र उलटं झालं. केरळची सरासरी तारीख १ जून. त्या वर्षी तो २४ मेलाच पोचला आणि लागलीच गोव्यातही. काकीची अर्धी सोलं ओलीच राहिली, ती पुढे चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकली. त्या दुपारीही ती घाटाकडेच बघत होती, आणि घाटावर काहीच नव्हतं.