पालक-शिक्षक संघात आहात की शाळा व्यवस्थापन समितीत?

गेल्या जूनमध्ये शाळेच्या पालकसभेत शेजारच्या वहिनींनी मला हळूच विचारले, "आमचं नाव पालक संघात गेल्या वर्षीच लिहून घेतलंय की. मग आज परत उभं कशाला राहायचं?" त्या दिवशी निवड होती शाळा व्यवस्थापन समितीची. वहिनींसारखाच घोळ सभेतल्या बऱ्याच जणांच्या मनात होता. समितीवर निवडून येईपर्यंत मलाही या दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या.

तसे वाटणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे पालक, दोन्हीकडे शिक्षक, दोन्हीकडे मुख्याध्यापक. सभा त्याच वर्गात, त्याच सतरंजीवर भरते आणि सूचनाही मुलाच्या दप्तरातून तशाच चिठ्ठीवर येते. पण सभेत विषय कोणता निघतो याकडे लक्ष दिले की फरक दिसू लागतो. माझी मुलगी वर्गात कशी आहे, गृहपाठ का राहतो, स्नेहसंमेलनाला काय करायचे, हे बोलणे पालक-शिक्षक संघाचे. शाळेला किती पैसे आले, ते कुठे गेले, शिक्षक किती कमी आहेत आणि पुढच्या तीन वर्षांत शाळेला काय काय लागणार, हे बोलणे समितीचे.

समिती कायद्यातून आली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संसदेने 2009 मध्ये केला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 21 ने ही समिती बंधनकारक केली. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि शिक्षक येतात. महाराष्ट्रात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात आणि समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अध्यक्षाची खुर्ची. शेतमजुरी करणारी आई अध्यक्ष होऊ शकते आणि मुख्याध्यापकांनी तिच्या सभेचे इतिवृत्त लिहायचे असते. शाळेच्या दारात चप्पल काढून अवघडून उभे राहणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिथे उभे राहिलेल्यालाच कळेल.

आता हीच मांडणी खाजगी विनाअनुदानित शाळेत पाहा. तिथे कलम 21 लागू नाही, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच नाही. तिथल्या पालक-शिक्षक संघाला बळ मिळते ते वेगळ्या कायद्यातून. तो म्हणजे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011. त्या कायद्याखाली शाळेतला प्रत्येक पालक संघाचा सदस्य असतो आणि संघाची एक कार्यकारी समिती असते. तिच्या अध्यक्षपदी प्राचार्य किंवा मुख्याध्यापक, उपाध्यक्षपदी पालक, सचिवपदी शिक्षक. खुर्च्यांची अदलाबदल झालेली लगेच लक्षात येईल. आत जाण्याची वाटही वेगळी आहे. सरकारी शाळेच्या समितीसाठी पालकसभेत निवड होते, लोक हात वर करतात, कधी मतदान होते. खाजगी शाळेच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात. त्यामुळे तिथे कोणी "मला निवडून द्या" म्हणत फिरत असेल, तर त्याने नियम वाचलेले नाहीत.

या कार्यकारी समितीचे खरे वजन शुल्काच्या बाबतीत आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचा शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा असतो आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधून राहते. खाजगी शाळेत मूल असलेल्या पालकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. जूनमध्ये फी वाढल्यावर शाळेच्या फाटकाशी जमण्यापेक्षा डिसेंबरच्या बैठकीत कागद मागणे जास्त उपयोगाचे ठरते. मात्र शिक्षण हक्क कायद्याने राखीव ठेवलेल्या 25 टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांना तिथे सरकारी शाळेसारखी समिती मिळत नाही. ही उणीव मला फार खटकते.

मधली एक पायरी बहुतेक जण विसरतात, ती अनुदानित शाळांची. तिथे समिती असते, पण 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याकांच्या शाळांतल्या समितीचे काम फक्त सल्ल्याचे उरले. तेव्हा उभे राहण्याआधी आपली शाळा कोणत्या प्रकारची आहे हे विचारून घ्यावे. पुढे जे लिहितो आहे ते जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांपुरते आहे.

या समितीला तीन कामे आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळेला मिळणाऱ्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे. पहिली दोन कामे लोकांना पटकन कळतात. तिसरे सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सगळ्यांत ताकदीचे तेच आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 22 सांगते की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाला हाच आराखडा आधार असेल. वर्गाचे छत गळते हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना तोंडी सांगितले तर ती तक्रार होते. तेच आराखड्यात लिहून, ठराव करून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने पाठवले तर कायद्याने केलेली मागणी होते. अनेक शाळांत हा आराखडा मार्चच्या गडबडीत गेल्या वर्षीचा उतरवून काढतात आणि सदस्यांच्या सह्या घरोघर जाऊन गोळा करतात. समितीवर आलेल्या पालकाने दुसरे काही जमले नाही तरी हा एक कागद शाळेत बसून, खोल्या फिरून, मुलांना विचारून लिहावा.

पैशाचे बोलायचे तर समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते. ते पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. रक्कम छोटी आहे. खडू, वीजबिल, नळाची तोटी, फळ्याचा रंग यातच ती संपते. म्हणूनच तिचा हिशेब पालकांना समजू शकतो आणि तो फळ्यावर लिहून लावता येतो. आमच्या सभेत पहिल्यांदा वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला गेला, तेव्हा मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारले की वीजबिल भरलेले असताना दोन महिने संगणक बंद का होता. त्या एका प्रश्नातून पुढचा तासभर चर्चा झाली.

समिती असण्याने काय फरक पडतो, हे गणवेशाच्या प्रकरणात साऱ्या राज्याने पाहिले. आधी दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये समितीकडे यायचे आणि समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची. 2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून ते काम समित्यांकडून काढून वरून केले गेले. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत आणि जिथे पोचले तिथे मापांच्या तक्रारी आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने ते काम पुन्हा समित्यांकडे सोपवले. मुलाला समोर उभे करून माप घेणारा शिंपी आणि ते पैसे देणारी समिती एकाच गावात असली, की चुकीचे माप दुसऱ्या दिवशी बदलून मिळते.

पालक-शिक्षक संघाचे काम समितीच्या कामापेक्षा कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही. मूल शाळेत गप्प का बसते, त्याला फळ्यावरचे दिसते का, हे बोलायला संघासारखी जागा नाही. शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, हे कलम 24 मध्ये शिक्षकांचे कर्तव्यच आहे. पण शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर संघाच्या सभेत फार तर हळहळ व्यक्त होते. समितीच्या सभेत ठराव होतो आणि तो पंचायत समितीच्या दप्तरात जातो.

समितीच्या हातात काय नाही, तेही सांगायला हवे. समिती शिक्षकाची बदली करू शकत नाही, त्याला काढू शकत नाही, अभ्यासक्रम ठरवू शकत नाही. निवडीच्या वेळी "त्या सरांची बदली करून दाखवतो" म्हणणारा माणूस जे हातात नाही तेच देऊ करतो आहे. गावच्या पंचायतीतली भाऊबंदकी शाळेच्या समितीत आली की दोन वर्षे फुकट जातात आणि त्या दोन वर्षांत पहिलीतले मूल तिसरीत पोचलेले असते.

मग उभे राहणाऱ्याने कशासाठी उभे राहावे? माझ्या मते सगळ्यांत आधी वाचनासाठी. ग्रामीण मुलांना किती वाचता येते आणि गणित जमते हे तपासणाऱ्या 'असर' 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीतल्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते. वाढ दिसते, तरीही चारांतली तीन मुले मागेच आहेत. समिती शिकवू शकत नाही, पण प्रत्येक मासिक बैठकीत "तिसरीतली किती मुले वाचतात?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर ठेवू शकते. उत्तर दर महिन्याला इतिवृत्तात लिहावे लागले, की वर्गातले लक्ष तिकडे वळते. रंगवलेल्या भिंती आणि नवे प्रवेशद्वार उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात. पण मूल वाचते की नाही, हे त्या फोटोत दिसत नाही.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन, नव्वदपर्यंत तीन शिक्षक हवेत. कलम 26 म्हणते की रिक्त जागा मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर आहेत त्याचा, कागद मागून हे आकडे शेजारी शेजारी ठेवणे कोणत्याही पालकाला जमते. जनगणना, आपत्ती आणि निवडणुकांची कामे सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, हे कलम 27 सांगते. तेव्हा शिक्षक शाळेबाहेर कशासाठी गेले होते हे विचारताना ते त्यांच्यावर रोखून न विचारता त्यांच्या बाजूने विचारावे. चांगले शिक्षक अशा समितीची वाट पाहत असतात.

लहान शाळांच्या गावांत आणखी एक चिंता आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात 2023 पासून चालू आहे. वाडीवरची शाळा टिकावी की बसने मोठ्या शाळेत जावे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा राज्याच्या नियमांचा दंडक आहे आणि ओढा ओलांडून जाणारी सहा वर्षांची मुलगी नकाशात दिसत नाही. ती बाजू त्या वाडीच्या समितीनेच ठराव करून मांडायची असते.

शाळेच्या पैशाचा हिशेब मागणे आपल्याकडे नवे नाही. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हाच मुद्दा मांडला होता. कर शेतकरी भरतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्यांच्या वाट्याला जाते, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही मागणीही त्याच निवेदनातली. ज्या मुलांसाठी ते बोलत होते, त्यांचे पालक आज समितीचे अध्यक्ष होऊ शकतात.

वहिनींनी त्या दिवशी नाव दिले आणि त्या निवडून आल्या. पहिल्या बैठकीआधी मी त्यांना तीन गोष्टी मागून घ्यायला सांगितले होते: मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ताची वही, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाचा हिशेब. वही त्यांनी घरी नेता येत नाही म्हणून शाळेतच बसून वाचली. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याची नोंद तीनदा होती आणि तिन्ही वेळा खाली "चर्चा झाली" एवढेच लिहिलेले होते. आता ते आराखड्यात आले आहे, ग्रामपंचायतीला ठरावाची प्रत गेली आहे आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच आहे.